सबाह अल-सालेममधलं ह-न-च-र-क

बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत मी घरात बसले होते, त्या उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये मी लहान मुलांना बाली लिपी शिकवली. बाली म्हणजे इंडोनेशियातलं ते बेट. मला तिथली भाषा येत नव्हती, आजही येत नाही, आणि त्या बेटावर मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. लग्नानंतर नवऱ्याला हे सांगितलं, आणि पुढे एकदा तो पाहुण्यांसमोर म्हणाला, "ती तुझी रचलेली गोष्ट सांग ना, बालीची." रचलेली नाही. रचायची असती तर मी जरा पटेल अशी रचली असती.

आम्ही तेव्हा कुवेतला, सबाह अल-सालेममध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचो. हॉलमधला एसी इतका घरघरायचा की घरात सगळेच मोठ्याने बोलायचे आणि वीज गेली की एकदम भांडण झाल्यासारखी शांतता पसरायची. बाबा मूळचे लातूरकडचे. मीना अब्दुल्ला भागातल्या एका प्लॅंटमध्ये मीटर आणि वाल्व दुरुस्त करायचे, पहाटेच्या बसने जायचे आणि दुपारी परत येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम खुबुस, म्हणजे अरबी रोटी, आणायचे. ती शेंगदाण्याच्या चटणीशी खायचे, तेही उभ्या उभ्या, ओट्याला टेकून. आई रत्नागिरीची, सरकारी रुग्णालयात नर्स. तिच्या शिफ्टा बदलत राहायच्या, त्यामुळे आमच्या घरात जेवणाच्या वेळा नव्हत्या, फक्त वास होते. तळलेल्या मासळीचा वास आला म्हणजे आई सकाळपाळीची, खिचडीचा आला म्हणजे बाबांनी रांधलंय. तिथे पापलेटला झुबैदी म्हणतात. आई त्याला पापलेटच म्हणायची आणि मासेवाला इराणी म्हातारा तिच्याकडून तो शब्द शिकला होता.

शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये बाबांचा मराठीचा वर्ग भरायचा. ही बाबांची हौस, आणि हळूहळू त्यांचं दुखणंही. आसपासच्या मराठी घरांतली मुलं यायची, आईचे बटाटेवडे खायची आणि बाबांनी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. "हा कोणता प्राणी?" "इट्स अ काऊ, अंकल." सर्वांत कच्चा विद्यार्थी माझा धाकटा भाऊ ओंकार. सात वर्षांचा होता. 'क' आणि 'फ' यांतला फरक त्याला काही केल्या मान्य नव्हता. बाबांनी त्याला समजावलं, रागावले, पाटी आणली, रंगीत खडू आणले. तो शांतपणे म्हणायचा, "बाबा, दे आर द सेम गाय."

त्या उन्हाळ्यात आई एक दिवस ड्यूटीवरून येताना केतुतला घेऊन आली. केतुत आईच्याच रुग्णालयात फिजिओथेरपीत मदतनीस होती, बालीची, आणि आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. तिचा नवरा मादे एका हॉटेलात स्वयंपाकी. केतुतला आधीपासून आम्ही ओळखत होतो ते तिच्या दारामुळे. ती रोज उंबऱ्याबाहेर एक छोटंसं पान ठेवायची, त्यावर चार शितं आणि फूल. फुलं महाग म्हणून कधी कोथिंबिरीची काडीही असायची. आई येताजाता त्याला नमस्कार करायची. कुणाचा देव आहे याची चौकशी तिने कधी केली नाही.

केतुतचं म्हणणं असं होतं. तिची मुलगी पुतू नऊ वर्षांची. ही दोघं नोकरीसाठी कुवेतला आली तेव्हा पुतू तान्ही होती, म्हणून मादेच्या वडिलांकडे, गावी, ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी इथे परवाना मिळाला तशी तिला घेऊन आले. आता आजोबा मागे लागले होते. त्यांच्या घरात ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्या होत्या, घराण्यातल्या पहिल्या नातवंडाला त्या वाचता यायलाच हव्यात अशी रीत होती, आणि कुवेतमध्ये पुतूला बाली अक्षरं कोण शिकवणार? तिला परत पाठवा, मी शिकवतो, असा त्यांचा हट्ट. बऱ्याच फोनाफोनीनंतर तडजोड ठरली होती. उन्हाळा संपता संपता आजोबा इंटरनेटवरून पुतूची परीक्षा घेणार. अक्षरं आली तर राहील कुवेतला. नाही आली तर शाळा सुरू व्हायच्या आत गावी.

"मग तुम्ही शिकवा ना तिला," मी म्हणाले.

केतुत ओशाळून हसली. "शाळेत शिकलो होतो आम्ही दोघं. आता माझं नावसुद्धा लिहिता येत नाही. मादे सांगतो त्याला येतं, पण तो खोटं बोलतो."

मग तिने पर्समधून एक सीडी काढली. मादेचा एक चुलतभाऊ गावाकडे प्राथमिक शिक्षक होण्यासाठी शिकत होता, आणि त्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लहान मुलांसाठी बाली अक्षरांची सीडी तयार केली होती. चित्रं, आवाज, खेळ, सगळं त्यात होतं. केतुतकडे संगणक नव्हता, आमच्याकडे होता. केतुतकडे वेळ नव्हता, आणि माझ्याकडे वेळेखेरीज काहीच नव्हतं.

"हिला जमेल," आई माझ्याकडे न बघताच म्हणाली. "अगो, दिवसभर ती त्या संगणकासमोरच असते."

अशी मी शिक्षिका झाले.

पहिल्या दिवशी पुतू आली ती वेणी घट्ट बांधून, हातात पेन्सिलपेटी घेऊन. सीडी चालू झाली. गोंगाटी पण गोड असं पितळी वाद्यांचं संगीत वाजलं, पडद्यावर नारळाचं झाड आलं, झाडावर माकड, आणि एक बाई उत्साहाने काहीतरी म्हणाली. त्यातला एकच शब्द मला कळला, तो म्हणजे 'अक्सरा'. मी पुतूकडे बघितलं. "अक्षर," ती म्हणाली, म्हणजे तिने तिच्या भाषेतच म्हटलं, पण मला मराठीच ऐकू आलं. मला जरा धीर आला. मग एक एक अक्षर यायला लागलं, गोल, वेटोळी घातलेलं, जिलबीच्या वळणाचं. ह, न, च, र, क. प्रत्येकात आपल्यासारखा अ मिसळलेला. माऊसने अक्षर गिरवायचं, मग ऐकू येईल ते ओळखायचं. बरोबर आलं की ती बाई म्हणायची "बनार", म्हणजे बरोबर. चुकलं की माकड झाडावरून धपकन पडायचं आणि बाई खणखणीत आवाजात म्हणायची, "सालाह."

सालाह म्हणजे त्यांच्या भाषेत चूक. हे मला पुतूने सांगितलं. पण ओंकार आतल्या खोलीतून धावत आला होता. "ताई, कॉम्प्युटर शिवी देतो?" त्याने विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आदर होता तो शाळेतल्या कोणत्याही गोष्टीबद्दल मी कधी पाहिला नव्हता. त्याने माऊस घेतला. चुकीचं अक्षर दाबलं. माकड पडलं. सालाह. पुन्हा दाबलं. सालाह. तो जमिनीवर लोळून हसला. पुतू त्याच्याकडे शांतपणे बघत राहिली. आजोबांकडे वाढलेल्या मुलांचं एक वेगळं गांभीर्य असतं, ते तिच्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ओंकारने वरच्या मजल्यावरच्या झोयाला आणलं. झोयाचे वडील दापोलीकडचे, फाहाहीलला त्यांचं मोबाईलचं दुकान. झोयाने चौथ्या मजल्यावरच्या मल्याळी जुळ्यांना आणलं. बाहेर ऊन असं होतं की पायऱ्यांचा कठडा हाताला चटका द्यायचा. ज्या घरांना सुट्टीत गावी जाता आलं नव्हतं त्या सगळ्या घरांतली मुलं कोंडलेली होती, आणि एका फ्लॅटमध्ये संगणक शिव्या देतो ही बातमी इमारतीत पसरली होती. हॉल भरला. पुतूला एकटीने शिकायला आवडत नव्हतं, त्यामुळे मी कुणाला हाकललं नाही. पण सगळ्यांना चुकायचंच होतं. बरोबर उत्तर देणाऱ्याला बाकीचे ओरडायचे. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या चुलतभावाने बिचाऱ्याने रात्रंदिवस खपून ते माकड काढलं असेल, मुलांना चुकीची शिक्षा म्हणून. त्याला काय कल्पना.

शेवटी मीच नियम केला. आधी बरोबर अक्षर ओळखायचं, ते वहीत लिहून दाखवायचं, मग एकदा चुकायची परवानगी. याचा परिणाम असा झाला की माकडाला पाडण्यासाठी मुलं बाली अक्षरं पाठ करायला लागली. चुकण्याचा हक्क मिळवायला ती मान मोडून अभ्यास करत होती. पुढे बी.एड. केलं तेव्हा मूल्यमापनाच्या तासाला मला हे सांगावंसं वाटलं होतं, पण सांगितलं नाही.

आवाजाने अडचण केली. एका दुपारी झोयाची आई, फरीदाभाभी, दारात उभी. "मीनल, माझी पोरगी घरात येऊन तिच्या बापाला साला म्हणते. तू काय शिकवतेस त्यांना?" मी तिला आत बोलावून ऐकवलं. तिने कमरेवर हात ठेवून पूर्ण धडा ऐकला, मग स्वतः माऊस हातात घेऊन माकडाला दोनदा पाडलं आणि सरबत पिऊन गेली. तिच्यानंतर हारिस आला. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, इजिप्तचा म्हातारा, अतिशय सभ्य. तो दाराबाहेरच थांबला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "बिंती, बेटी, तुम्हारे घर में कोई बार बार सलाह बोलता है. अभी नमाज़ का टाइम नहीं है." अरबीत सलाह म्हणजे नमाज. त्याला वाटलं होतं की आमच्याकडे नमाजाची आठवण करणारं एखादं घड्याळ आहे आणि ते बिघडलंय. त्याने दुरुस्त करणाऱ्याचा पत्ताही सांगितला. मी त्याला इंडोनेशिया, लिपी, माकड हे सगळं समजावण्याचा प्रयत्न केला. तो विचारात पडला. "अच्छा," तो म्हणाला, "मगर टाइम ठीक करो."

पुतूने मुलांना नावं दिली. बालीत मुलांना क्रमाने नावं देतात. पहिलं मूल वायान किंवा पुतू, दुसरं मादे किंवा कादेक, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पण कुवेतच्या फ्लॅटमध्ये कुणाला दोनापेक्षा जास्त मुलं नव्हती, त्यामुळे आमच्या वर्गात नुसते वायान आणि मादे झाले. "वायान, पुसून टाक," म्हटलं की पाच हात पुढे यायचे. मी थोरली, म्हणून मीही वायान. झोया आईला विचारत होती की तुला आणखी दोन मुलं का झाली नाहीत.

इकडे शुक्रवारी बाबांच्या वर्गाला कुणी येईना. म्हणजे मुलं यायची, वडे खायची, आणि विचारायची, "मीनलदीदीचा क्लास कधी?" एका शुक्रवारी बाबा आमच्या वर्गाच्या वेळी आत आले, हातात खुबुस, आणि ओंकारच्या मागे उभे राहिले. ओंकार लिहीत होता, जीभ बाहेर काढून, एक एक वेटोळं नीट वळवत.

"हे काय शिकवायलीस तू याला?" बाबांनी मला विचारलं.

"बाली."

"याला क येईना, अन् बाली शिकायलाय?"

"बाबा, आय नो क," ओंकार म्हणाला. "क इज नंबर फाइव्ह."

"पाचव्या नंबरला क?" बाबांना ते फार लागलं. "क पहिला असतो. ही काय रीत झाली?" पण ते गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. पडद्यावर त्या बाईने अक्षराखाली एक शेपूट लावलं आणि क चा कु झाला. बाबा पुढे झुकले. अक्षरावर टोपी आली, कि झाला. मग एक चिन्ह अक्षराच्या आधी येऊन बसलं. "थांब थांब," बाबा म्हणाले, "हे आपल्या पहिल्या वेलांटीसारखंच की. आधी येतंय." मग अक्षराच्या डोक्यावर एक छोटी खूण आली, तिचा उच्चार नाकातून. "अनुस्वार हाय हा," बाबा म्हणाले. शेवटी अक्षरानंतर एक खूण आली, तिचा उच्चार ह् सारखा, आणि बाई म्हणाली, "बिसाह." बाबा उभे राहिले. "विसर्ग," ते म्हणाले. "मीने, हा आपला विसर्ग हाय. कुठं जाऊन बसलाय बघ."

त्यांनी फळा ओढला आणि मराठीत 'दुःख' लिहिलं. ओंकारने त्याकडे बघितलं. "खाली शेपूट, सो दु. मग बिसाह. मग ख. दुःख," त्याने वाचलं. ओंकारने आयुष्यात वाचलेला तो पहिला मराठी शब्द. बाबांचे डोळे भरून आले. दुःख वाचता आलं म्हणून इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही. त्या दिवसापासून दोन्ही वर्ग एक झाले. बाबा मागच्या खुर्चीवर बसून बाली अक्षरं वहीत उतरवायचे आणि माकड पडलं की सर्वांत मोठ्याने हसायचे.

या सगळ्या गडबडीत पुतू मात्र पुढे पुढे जात होती. तिला सगळं येत होतं. माझे उच्चार ती हळूच सुधारायची, चुकायचा हक्क मिळाला तरी वापरायची नाही, तो ओंकारला द्यायची. कधी तरी बोलायची. आजोबांच्या घरामागे पाटाचं पाणी वाहतं. कुत्रा आहे, त्याला नाव नाही, पण हाक मारली की येतो. आजोबा सकाळी काय म्हणतात, दुपारी कुठे झोपतात. मी ऐकायचे आणि पुढचा धडा लावायचे. आईला मात्र केतुतने एकदा सांगितलं होतं, ते आईने मला भाजी निवडताना सांगितलं. "दोन वर्षं झाली, पण पोर अजून फ्रिज उघडायच्या आधी तिला विचारते. पाहुणीसारखी. केतुत म्हणाली, ही परीक्षा झाली की ती माझी होईल." आईने शेंगांचे देठ बाजूला केले. "नीट शिकव गो तिला."

परीक्षा एका शुक्रवारी दुपारी आमच्याच हॉलमध्ये झाली, कारण इंटरनेट आमच्याकडे होतं. केतुत साडी नेसावी तसं कमरेला रेशमी वस्त्र गुंडाळून आली होती. मादे हॉटेलातून सुट्टी घेऊन आला, सोबत शेंगदाण्याच्या रश्श्यातले मांसाचे तुकडे आणले. बाबांनी ते चाखून बघितले आणि हे लातूरचंच आहे असं जाहीर केलं. मुलं आंघोळी करून, केस चापून बसली होती. फरीदाभाभीही आली. मी कॅमेरा लावला, पुतूला फळ्यापाशी उभं केलं.

पलीकडे त्या चुलतभावाने आजोबांना तालुक्याच्या इंटरनेटच्या दुकानात आणलं होतं. पडदा उजळला आणि आम्हाला एक कान दिसला. मोठा, सुरकुतलेला, मागे फूल खोवलेला कान. आजोबांना ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी कान संगणकाला लावला होता. मादे इकडून ओरडला, चुलतभाऊ तिकडून ओरडला, कान हलला नाही. कानालाच सगळ्यांनी नमस्कार केला. बाबांनी कानाला "नमस्कार, प्रवास कसा झाला" असं हिंदीत विचारलं. बऱ्याच वेळाने चुलतभावाने त्यांचे खांदे धरून त्यांना मागे बसवलं आणि एक बारीक, तरतरीत म्हातारा दिसला. त्याला पुतू दिसली तसा तो हसला. पुतू हसली. ती तशी हसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

आजोबांनी एक शब्द सांगितला. पुतूने मार्कर हातात घेतला आणि उभी राहिली. लिहिलं नाही. आजोबांनी पुन्हा सांगितला. ती तशीच. मादेने हळू आवाजात काहीतरी म्हटलं. केतुतने दोन्ही हात तोंडावर धरले. तो शब्द आम्ही कितीतरी वेळा लिहिला होता. आजोबांनी दुसरा शब्द सांगितला, सोपा. पुतू फळ्याकडे बघत राहिली.

ओंकारला राहवेना. तो उठला, दुसरा मार्कर घेतला आणि शब्द लिहून मोकळा झाला. आजोबा पुढे वाकले. तिसरा शब्द सांगितला. झोयाने लिहिला. चौथा जुळ्यांनी मिळून लिहिला, एकाने अक्षर, एकाने वरची टोपी. आजोबा चुलतभावाकडे वळून काहीतरी म्हणाले, मग मादेला विचारलं. मादेने कपाळ पुसत इंग्रजीत आम्हाला सांगितलं, "ते विचारतात, ही कोणाची मुलं?"

"सांगा, लातूरची," बाबा म्हणाले.

"दापोली," फरीदाभाभीने दुरुस्ती केली.

मादेने ते सांगितलं. आजोबांनी मान डोलावली, जणू ही गावं त्यांच्या गावापलीकडेच आहेत. मग ते पुतूशी बोलले. शांतपणे, दोनच वाक्यं. मादेने त्याचं भाषांतर केलं नाही. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं की तुला येत नाही, की लिहायचंच नाही. आणि पुढे म्हणाले होते, जे लिहायचंय ते लिही.

पुतूने फळा पुसला. मग लिहायला लागली, सावकाश, एकही जागा न सोडता. त्यांच्या लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, अक्षरं सलग चालतात. लिहून झाल्यावर ती बाजूला झाली. आजोबांनी वाचलं. केतुतने फळ्याकडे बघितलं, मग मादेकडे. मादेने डोळे बारीक केले. त्या दोघांना ते वाचता येत नव्हतं.

मुलांना येत होतं. न सांगता, सवयीने, सगळ्या वायान-मादेंनी एका सुरात वाचलं, प्रत्येक अक्षर ठासून, वर्गात वाचायची तसं. "ति-यं-दो-त्मु-लिः." त्यांना त्याचा अर्थ कळत नव्हता. मलाही नाही. जोडाक्षर अचूक आलं, अनुस्वार आला, विसर्ग आला म्हणून बाबांनी टाळी वाजवली. मुलांनी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने. "तियं दोत मुलिः." केतुत खाली जमिनीवर बसली.

मला घरी जायचंय, असा त्याचा अर्थ होता.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही, कारण कुणालाच काय करावं ते सुचत नव्हतं. आजोबांनी निकाल दिला. एकही चूक नाही, मुलगी पास. ठरल्याप्रमाणे पास झालेली मुलगी कुवेतला राहणार. पण ती पास झाली होती गावी जायचंय असं लिहून. मादे म्हणाला, ती नापास झाली असती तर पाठवावीच लागली असती, आता पाठवायचं कारणच उरलं नाही. आजोबा म्हणाले, मी शब्द दिलाय, मी तिला मागू शकत नाही. मग ते रडायला लागले आणि पुन्हा कान दिसला. चुलतभावाला कुणीतरी सांगितलं की तुझ्या सीडीने फार चांगलं काम केलं, आणि तो कशाबद्दल आभार मानायचे ते न कळून वाकून नमस्कार करत राहिला.

बाबांनी हे सगळं जुळवून बघितलं. "म्हणजे पोरगी पास होऊन नापासाचं बक्षीस मागायलीय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत त्यांना हसू आलं नाही.

केतुत उठून स्वयंपाकघरात गेली. आई तिच्या मागे गेली, मी आईच्या मागे. केतुत ओट्याला टेकून उभी होती. "ती पास झाली," ती आईला म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"हो, ऐकलं."

"मी म्हणू शकते राहा म्हणून."

"म्हणू शकतेस," आई म्हणाली. तिने भांडं घेतलं, पाणी भरलं, केतुतच्या हातात दिलं. तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. आई नर्स होती, कुणाला कधी बोलू द्यायचं ते तिला कळायचं.

केतुतने पाणी प्यायलं नाही. तिने भांडं ओट्यावर ठेवलं. "दोन वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं," ती म्हणाली. "दूधसुद्धा नाही. हे पहिलं मागितलं."

मी अठरा वर्षांची होते. मला वाटत होतं की मी एका मुलीला तिच्या आईजवळ ठेवण्यासाठी शिकवतेय. त्या दुपारी मला फार राग आला, पण कोणाचा ते ठरेना. पुतूचा यायला हवा होता, तो येत नव्हता. आता माझा स्वतःचा मुलगा मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो आणि खोलीचं दार लावून घेतो. कधी कधी वाटतं, त्याने एक वाक्य तरी असं सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावं, मग ते कसलंही असो.

शाळा सुरू व्हायच्या आधी मादे पुतूला घेऊन गेला. आम्ही सगळे खाली निरोप द्यायला गेलो. हारिसने तिची बॅग गाडीत ठेवली. ओंकारने तिला काहीतरी द्यायचं म्हणून चालू असलेलं घड्याळ मनगटावरून काढून दिलं. केतुतने तिची वेणी पुन्हा सोडून घट्ट बांधली. गाडी गेल्यावर ती थेट ड्यूटीवर गेली.

पुढच्या शुक्रवारी मी संगणक लावलाही नव्हता. आता वर्गात बालीचं कुणी नव्हतं. पण दुपारी बेल वाजली आणि दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. "पुतू गेली," मी त्यांना सांगितलं. "क्लास संपला."

"व्हाय?" झोयाने विचारलं.

मी बाबांकडे बघितलं. ते आधीच आपल्या खुर्चीवर वही उघडून बसले होते. "अवघड जोडाक्षरं राहिलीत अजून," ते म्हणाले. "अर्धवट कशाला सोडायचं? लाव."

मी सीडी घातली. मुलं बसली. पहिला धडा निम्म्यावर आला असेल तेव्हा दार पुन्हा वाजलं. केतुत होती, रुग्णालयाच्या गणवेशात, बूट काढून हातात घेतलेले. ती आत आली आणि मुलांच्या ओळीत जमिनीवर बसली. झोया आणि ओंकार सरकले. ओंकारने आपली पेन्सिल तिला दिली, मग तिला ती नीट धरता येत नाहीये असं त्याला वाटलं म्हणून तिची बोटं धरून दाखवलं.

"रविवारी पुतू इंटरनेटच्या दुकानात येणार आहे, कॅमेऱ्यासमोर," केतुत मला म्हणाली. "तोपर्यंत तिचं नाव येईल मला?"

"दोनच अक्षरं आहेत," मी म्हणाले. "दोन्हींना उकार. येईल."